सही मालकाची, हुकूम परक्याचा

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टाइमशेअर नावाची कंपनी आपल्या मोठ्या संगणकावरचा वेळ गिऱ्हाइकांना भाड्याने देत असे. त्या संगणकावर फोरट्रान भाषेचा एक कंपायलर होता. त्याच्या वापराची आकडेवारी जमवता यावी म्हणून ‘सिसएक्स’ नावाच्या कप्प्यात लिहिण्याची खास परवानगी त्याला दिलेली होती. त्याच कप्प्यात बिलांची फाइलही होती. प्रोग्राममधल्या चुका शोधताना निघणारा मजकूर कुठल्या फाइलीत लिहायचा, हे कंपायलर वापरणाऱ्याला सांगता येई. कोणीतरी तिथे बिलांच्या फाइलीचंच नाव दिलं. त्या माणसाला ती फाइल बदलण्याचा अधिकार नव्हता; पण लिहिणारा तो नव्हता, कंपायलर होता, आणि कंपायलरला परवानगी होती. बिलांचा हिशेब पुसला गेला.

नॉर्म हार्डी या अभियंत्याने ही हकिगत १९८८ साली ‘द कन्फ्यूज्ड डेप्युटी’ या छोट्या लेखात लिहून ठेवली. कंपायलर एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करत होता आणि हाताखालचं काम कुणाच्या अधिकाराने चाललं आहे हे सांगायची सोयच त्या यंत्रणेत नव्हती, हा त्यांचा मुद्दा. लेख छापला गेला तेव्हा वेब जन्मायचं होतं. पण पुढे वेबसाइट चालवणाऱ्या वर्डप्रेससारख्या प्रणालींना आणि त्यांना जोडल्या जाणाऱ्या हजारो प्लगिनांना जो दोष वर्षानुवर्षं छळत राहिला, त्याचं निदान या लेखात आधीच झालेलं आहे.

वेबवर हा दोष आला तो दोन सोयींच्या वाटेने. १९९३च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन यांनी पानात चित्र बसवण्यासाठी एक टॅग सुचवला. चित्राचा पत्ता लिहायचा, बाकी काम ब्राउझरचं; चित्र जगातल्या कुठल्याही संगणकावर असलं तरी ब्राउझर तिकडे विनंती धाडून ते आणणार. दुसरी सोय १९९४ची. वेबला स्मरणशक्ती नव्हती, एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की सर्व्हर माणसाला विसरून जाई. नेटस्केपमध्ये काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी त्यावर कुकीचा तोडगा काढला. सर्व्हर ब्राउझरला एक छोटी खूण देतो आणि ब्राउझर त्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला ती जोडतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ती विनंती मुळात कुठल्या पानामुळे निघाली, याच्याशी कुकीला देणंघेणं नव्हतं.

या दोन सोयी एकत्र आल्या की काय होतं ते पाहा. एका साइटचा व्यवस्थापक सकाळी लॉगिन करून कामाला बसला आहे. वाचकाने पाठवलेली एक लिंक तो दुसऱ्या टॅबमध्ये उघडतो. त्या पानात न दिसणारा एक फॉर्म आहे; चित्राच्या विनंतीसारखाच तो पान उघडताक्षणी आपोआप रवाना होतो आणि जातो थेट व्यवस्थापकाच्याच साइटकडे. त्यात हुकूम असतो: अमुक नावाचा नवा अ‍ॅडमिन तयार करा. ब्राउझर सवयीप्रमाणे कुकी जोडतो. साहेबांचा शिक्का सांभाळणारा शिपाई समोर येईल त्या कागदावर शिक्का मारत जातो आणि कागद साहेबांच्या टेबलावरून आला की रस्त्यावरून हे बघत नाही, तसंच हे. सर्व्हरला शिक्का खरा दिसतो आणि नवा अ‍ॅडमिन तयार होतो. हल्लेखोराने पासवर्ड चोरलेला नसतो, कुकी पाहिलेलीसुद्धा नसते. सर्व्हरने काय उत्तर दिलं हेही त्याला कळत नाही, आणि कळायची गरजही नसते.

२००० साली ‘झोप’ नावाच्या पायथनवर आधारलेल्या वेब-प्रणालीत हा प्रकार उघडकीला आला. तिथल्या मंडळींनी त्याला ‘क्लायंट साइड ट्रोजन’ म्हटलं. पुढच्या वर्षी, जून २००१मध्ये, पीटर वॉटकिन्स यांनी बगट्रॅक या सुरक्षाविषयक ई-मेल यादीवर लिहिताना ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’ हे नाव वापरलं. चर्चा चालली होती ती लोकांना आपल्या मजकुरात बाहेरची चित्रं टाकू द्यावीत का, याची. वॉटकिन्स यांनी दाखवून दिलं की चित्राच्या पत्त्याच्या जागी शेअर विकण्या-घेण्याचा हुकूम लिहिला, तरी ब्राउझर तो निमूटपणे पोचवेल. नाव लांबलचक होतं, त्याचं ‘सीएसआरएफ’ झालं आणि बोलताना ‘सी-सर्फ’. नाव मिळालं म्हणून धाक मात्र बसला नाही. पुढची काही वर्षं सुरक्षेच्या जगाचं लक्ष पानात परकी स्क्रिप्ट घुसवण्याच्या हल्ल्यांकडे, म्हणजे एक्सएसएसकडे होतं.

याच वर्षांत वेबसाइट काढणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बीटू’ या रखडलेल्या प्रणालीचा धागा उचलून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. वर्षभरात १.२ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत प्लगिन आले. मूळ प्रणालीला हात न लावता कोणीही आपली भर घालावी, ही ती कल्पना. संपर्काचा फॉर्म हवा, दुकान हवं, फोटोंचं दालन हवं, तर कुणीतरी ते लिहून फुकट ठेवलेलं असे. वर्डप्रेसचं भाग्य या उदारपणाने उजळलं याबद्दल मला शंका नाही. आज त्याच्या अधिकृत संग्रहात साठ हजारांच्या आसपास प्लगिन आहेत, आणि त्यांतले कितीतरी एकट्या माणसाने नोकरी सांभाळून रात्री लिहिलेले आहेत.

पण प्लगिन आणि मूळ प्रणाली यांच्यामध्ये भिंत नव्हती, आजही नाही. प्लगिनचा पीएचपी भाषेतला कोड मूळ कोडच्या शेजारी बसून त्याच अधिकाराने चालतो. चार सेटिंग्ज जतन करणाऱ्या किरकोळ प्लगिनच्या फॉर्ममध्ये चूक राहिली, तर तिची किंमत अख्खी साइट असू शकते.

सुरुवातीला वर्डप्रेसची मदार रेफररवर होती. विनंती कुठल्या पानावरून आली हे ब्राउझर बहुतेक वेळा कळवतो. अ‍ॅडमिनचं काम करण्याआधी, ही विनंती आपल्याच अ‍ॅडमिन विभागातून आली ना, एवढं तपासलं जाई. दोन बाजूंनी हा उपाय तोकडा पडला. घरच्या संगणकावरची काही फायरवॉल सॉफ्टवेअरं खाजगीपणासाठी रेफरर काढून टाकत. मग साइटच्या खऱ्या मालकालाच रेफरर चालू करण्याची सूचना मिळे आणि काम अडून राही. दुसरीकडे, फसवी लिंक अ‍ॅडमिनच्याच पडद्यावर, मंजुरीसाठी आलेल्या प्रतिक्रियेत बसलेली असली, तर क्लिक अ‍ॅडमिन विभागातूनच होई आणि तपासणी बिनतक्रार पार पडे.

१ जून २००६ रोजी आलेल्या वर्डप्रेस २.०.३मध्ये नवी रीत आली: नॉन्स. साइटची गुप्त किल्ली, वापरणाऱ्याचा क्रमांक, करायच्या कामाचं नाव आणि चालू काळखंड यांचं मिश्रण करून त्यातून दहा अक्षरं काढायची, ती फॉर्ममध्ये लपवायची आणि फॉर्म परत आला की ताडून पाहायची. परक्या पानाला ही अक्षरं ठाऊक नसतात आणि ओळखताही येत नाहीत. बारा-बारा तासांच्या दोन खंडांच्या हिशेबाने ती जास्तीत जास्त चोवीस तास चालतात. न जुळल्यास पडद्यावर विचारणा येई, तुम्हाला हे खरोखर करायचं आहे का? वर्डप्रेसचे जुने वापरकर्ते हा प्रश्न अजून विसरले नसतील. पुढे ४.०मध्ये लॉगिनच्या सत्राची खूणही या मिश्रणात घातली गेली. अधिकार आणि इरादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वर्डप्रेसने या रीतीने कोडमध्ये उतरवलं. कुकी सांगते माणूस कोण. दहा अक्षरं सांगतात की त्याने हे काम आपल्याच पडद्यावरून मागितलं.

उपाय उत्तम होता. मला खटकतो तो त्याच्या अंमलबजावणीचा निर्णय. नॉन्स लावणं प्लगिन लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलं गेलं. फॉर्ममध्ये एक ओळ आणि तो स्वीकारताना एक ओळ, एवढंच काम. पण ते प्रत्येक फॉर्मला, प्रत्येक लिंकला, दर वेळी आठवणीने करायचं. तपासणीच्या फंक्शनचं जुनं ‘चेक अ‍ॅडमिन रेफरर’ हे नाव तसंच ठेवलं आणि कामाचं नाव न देता ते बोलावलं तर जुनी रेफररची तपासणी चालत राहील अशी तजवीज केली. जुने प्लगिन एका रात्रीत बंद पडू नयेत म्हणून हे केलं होतं, आणि त्या काळजीत चांगुलपणाच होता. पण त्यामुळे ज्याला नॉन्सचा पत्ताच नव्हता, त्याचाही प्लगिन सुरळीत चालत राहिला. न लावलेला नॉन्स वापरताना जाणवत नाही. फॉर्म चालतो, सेटिंग जतन होतं, गिऱ्हाईक खूश असतं.

त्याच सुमारास ड्रुपल या दुसऱ्या वेब-प्रणालीची ४.७ आवृत्तीही आली होती. पुढे त्यांच्या फॉर्म एपीआयमधून फॉर्म बनवला की लॉगिन केलेल्या माणसासाठी टोकन आपोआप येऊ लागलं, लेखकाला लक्षात ठेवावं लागत नसे. मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते. ती पुरती निर्धोक नव्हती. ड्रुपलच्या मॉड्यूलांबद्दलच्या, म्हणजे तिथल्या प्लगिनांबद्दलच्या, सुरक्षा-सूचना पाहिल्या की वारंवार एकच गोष्ट दिसते. फॉर्म सुरक्षित असतो, पण शेजारची ‘बंद करा’ किंवा ‘काढून टाका’ ही साधी लिंक उघडी राहिलेली असते. फॉर्मच्या यंत्रणेला डावलून हाताने बनवलेली ती लिंक, आणि एका साध्या विनंतीत काम फत्ते.

वर्डप्रेसच्या प्लगिनांमध्ये चुकांच्या तऱ्हा अधिक होत्या. कुणी फॉर्ममध्ये नॉन्स छापी आणि परत आल्यावर तपासायला विसरे. कुणी अट अशी लिही: नॉन्स आला असेल आणि तो चुकीचा असेल, तर थांब. मग हल्लेखोराने नॉन्स पाठवायचाच नाही, की झालं. कुणी ‘इज अ‍ॅडमिन’ या फंक्शनवर भरवसा ठेवी, आणि ते तर फक्त विनंती अ‍ॅडमिन विभागाच्या पत्त्यावर आली आहे का एवढंच सांगतं. या लेखकांना बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. संरक्षण आठवणीवर अवलंबून ठेवलं आणि आठवण ठेवणारे हजारो असले, तर त्यांतले काही विसरणार हे ठरलेलंच होतं.

२००८मध्ये या दोषाची भीती पहिल्यांदा सर्वदूर पसरली. जानेवारीत मेक्सिकोतलं एक प्रकरण बाहेर आलं: ई-मेलने आलेल्या शुभेच्छापत्रातल्या चित्राच्या टॅगने घरोघरच्या राउटरला हुकूम दिला आणि एका बँकेच्या नावासमोरचा पत्ता बदलून टाकला. सप्टेंबरमध्ये प्रिन्स्टनच्या विल्यम झेलर आणि एडवर्ड फेल्टन यांनी न्यूयॉर्क टाइम्स, यूट्यूब, मेटाफिल्टर आणि आयएनजी डायरेक्ट या साइटींतले असेच दोष दाखवले. आयएनजीमध्ये तर ग्राहकाच्या खात्यातून पैसे हलवता येत होते. वेब-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत सीएसआरएफला २००७ आणि २०१० या दोन्ही वेळा पाचवं स्थान होतं. २०१३मध्ये ते आठव्यावर गेलं आणि २०१७च्या यादीतून गळालं, कारण बहुतेक नव्या फ्रेमवर्कांत संरक्षण आता जन्मजात असे. यादीपुरतं ते खरं होतं. प्लगिनांच्या जगात चित्र वेगळं होतं, आणि खुद्द वर्डप्रेसच्या गाभ्यातही एक जागा उघडी होती.

ती जागा होती प्रतिक्रियेचा फॉर्म. ट्रॅकबॅक आणि पिंगबॅक या सोयी दुसऱ्या साइटींकडून येणाऱ्या विनंत्यांवरच चालत. तिथे कडक तपासणी लावली तर त्या मोडल्या असत्या. म्हणून प्रतिक्रियेला नॉन्सची सक्ती नव्हती. जर्मनीत बोखुम इथल्या रिप्स टेक्नॉलॉजीजचे सायमन स्कॅनेल यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये वर्डप्रेसला कळवलं की यातून व्यवस्थापकाच्या नावाने प्रतिक्रिया घालता येते. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण व्यवस्थापकाला प्रतिक्रियेत वाटेल ते एचटीएमएल लिहायची मुभा असते. तिचा गैरवापर होऊ नये म्हणून फक्त त्याच्यासाठी एक नॉन्स ठेवलेला होता. तो न जुळल्यास प्रतिक्रिया नाकारली जात नसे, गाळून घेतली जाई. आणि ही गाळणी सामान्य वाचकासाठीच्या गाळणीपेक्षा सैल होती.

सैल गाळणीतून लिंकचा ‘रेल’ हा गुणधर्म सुटून येई. तो दिसला की शोधयंत्रांसाठी लिंकची मांडणी नीट करणारं फंक्शन जागं होई. ते लिंकचे सगळे गुणधर्म सुटे करून पुन्हा जोडी, आणि जोडताना आतली अवतरणचिन्हं सांभाळत नसे. शीर्षकाच्या गुणधर्मात योग्य जागी एक दुहेरी अवतरणचिन्ह ठेवलं की पुढचा मजकूर स्क्रिप्ट म्हणून मोकळा होई. मग राहिलं ती स्क्रिप्ट व्यवस्थापकाच्याच ब्राउझरमध्ये चालवणं. वर्डप्रेसची दर्शनी पानं दुसऱ्या पानाच्या चौकटीत उघडायला बंदी नव्हती. हल्लेखोराच्या पानात न दिसणाऱ्या चौकटीत ती प्रतिक्रिया उघडायची, लिंक चौकटभर पसरवायची, आणि माउस जरा हलला की काम झालं. स्क्रिप्ट आता साइटच्या आतून बोलत असल्याने तिला नॉन्स वाचता येत. थीम किंवा प्लगिनच्या फाइलीत पीएचपी लिहून सर्व्हरचा ताबा घेणं एवढंच उरे. १३ मार्च २०१९च्या सुमारास आलेल्या ५.१.१ आवृत्तीत हे बुजवलं गेलं. त्या वेळी जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक साइटी वर्डप्रेसवर होत्या. या साखळीतली एकेक कडी पाहिली तर कुणीतरी विचार करून घेतलेला, समजण्यासारखा निर्णय दिसतो. हे सगळे निर्णय एका ओळीत उभे राहतील असं ते घेणाऱ्या कुणाच्याही मनात आलं नव्हतं, म्हणून मला हे प्रकरण या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

पुढच्या जानेवारीत कोड स्निपेट्स या प्लगिनची पाळी आली. तो दोन लाखांहून अधिक साइटींवर होता आणि त्याचं कामच मुळी साइटमध्ये पीएचपीचे तुकडे चालवणं हे. लेखकाने जवळजवळ प्रत्येक दारावर नॉन्स लावलेला होता. राहिलं होतं ते एक, बाहेरून तुकडे आयात करण्याचं. वर्डफेन्स या सुरक्षा कंपनीच्या क्लोई चेंबरलँड यांना ते सापडलं. आयात केलेला तुकडा मुळात बंद अवस्थेत येई, म्हणजे दुसरा अडसर होता. पण फाइलीतच ‘अ‍ॅक्टिव्ह’समोर १ लिहिलं की तो थेट चालू होई. लेखकाला कळवल्यावर दोन दिवसांत, २५ जानेवारी २०२०ला, दुरुस्ती आली. दहा दारं बंद करून अकरावं विसरणाऱ्या त्या माणसाने दाखवलेली तत्परता मोठमोठ्या कंपन्यांनाही जमत नाही. त्याच वसंतात निन्जा फॉर्म्स आणि साइटओरिजिनचं पेज बिल्डर या प्रत्येकी दहा लाखांहून अधिक साइटींवरच्या प्लगिनांतही याच जातीचे दोष निघाले आणि बुजवले गेले.

खरा पालट त्याच सुमारास ब्राउझरच्या बाजूने होत होता. कुकीवरच ‘सेमसाइट’ अशी खूण करता यावी, म्हणजे परक्या पानाने धाडलेल्या विनंतीला ती जोडली जाणार नाही, हा प्रस्ताव गूगलचे माइक वेस्ट आणि मोझिलाचे मार्क गुडविन यांचा. २०१६मध्ये क्रोमने ती खूण ओळखायला सुरुवात केली, पण लावायची की नाही हे पुन्हा साइट बनवणाऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि फार थोड्यांनी ती लावली. फेब्रुवारी २०२०च्या क्रोम ८०पासून गूगलने पारडं उलटं केलं: खूण नसली तरी ती आहे असंच धरायचं. बदल हळूहळू लागू होत असतानाच कोविड आला. बँका, किराणा, सरकारी सेवा, दवाखाने यांच्या साइटी ऐन गरजेच्या वेळी अडखळू नयेत म्हणून ३ एप्रिलला तो मागे घेतला गेला आणि १४ जुलैपासून पुन्हा लागू झाला. सव्वीस वर्षांपूर्वीची कुकीची सवय इथे बदलली. मोंटुलींच्या कुकीला तोवर विनंतीचा उगम विचारायची गरजच पडली नव्हती.

तरीही फटी उरल्या. दुसऱ्या साइटवरच्या लिंकवर क्लिक करून माणूस आपल्या साइटवर आला, तर कुकी जावीच लागते. नाहीतर प्रत्येक लिंकनंतर लॉगिन करावं लागेल. म्हणजे नुसत्या लिंकने काम करणारे प्लगिन उघडेच राहिले. शिवाय खूण नसलेली कुकी नव्याने बसल्यापासून पहिली दोन मिनिटं फॉर्मसोबतही जाऊ द्यावी, अशी सवलत लॉगिनच्या काही पद्धती मोडू नयेत म्हणून ठेवावी लागली.

जानेवारी २०२२मध्ये वर्डफेन्सने झूटिक्स या एकाच निर्मात्याच्या तीन प्लगिनांबद्दल जाहीर केलं: लॉगिनचा पॉपअप, वूकॉमर्स दुकानाची बाजूला उघडणारी टोपली आणि प्रतीक्षायादी. मिळून सुमारे ८४ हजार साइटी. सेटिंग जतन करणारं एकच फंक्शन तिन्हींत जसंच्या तसं होतं आणि नॉन्सची तपासणी तिन्हींत नव्हती. त्या फंक्शनमधून साइटचं कुठलंही सेटिंग बदलता येई. नोंदणी सर्वांना खुली करायची, नव्या सदस्याची भूमिका ‘अ‍ॅडमिन’ करायची, आणि मग हल्लेखोराने समोरच्या दाराने येऊन रीतसर खातं काढायचं. २०२१ संपण्याआधी तिन्हींच्या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या होत्या. अशा हल्ल्यानंतर साइट साफ करायला बसणाऱ्यांचं काम अवघड असतं, कारण सर्व्हरच्या नोंदींत सेटिंग बदलणारा म्हणून दिसतो तो व्यवस्थापकच: त्याचं खातं, त्याचा आयपी पत्ता, त्याचा ब्राउझर. विनंती परक्या पानावरून आली हे सांगणारा रेफरर तेवढा उपयोगी पडला असता, पण ब्राउझरने तो पाठवू नये असं सांगायला हल्लेखोराला आपल्या पानात एक ओळ पुरते.